राऊत सरांचा शेवटचा सुरा

१

अकोल्याच्या त्या हॉलमध्ये दीडशे माणसांच्या देखत पेटीवरचं लाखेचं सील फोडलं, झाकण उघडलं, आणि आत सुरा नव्हता. निळ्या मखमलीवर सुती फडक्यात गुंडाळलेली लोखंडाची एक पट्टी होती. डॉ. हर्षानं ती उचलून पाहिली आणि परत ठेवली. हातातला माइक तिनं बंद केला.

प्रियदर्शनी गवई पहिल्या रांगेच्या कडेला उभ्या होत्या. त्यांची अठ्ठावीस वर्षं पोलिसांच्या बोटांच्या ठशांच्या विभागात गेली होती. निवृत्तीनंतर त्या रोज हर्षाच्या केंद्रात जाऊन बसत. भाड्याच्या दोन खोल्यांत सिकलसेलच्या मुलांना सलाईन, रक्त, औषधं मिळत, आणि आयांना टेकायला जागा मिळे. प्रियदर्शनींचा अश्विन एकोणिसाव्या वर्षी याच आजारानं गेला, तेव्हा असं काही नव्हतं. आता हेही जायच्या बेतात होतं. घरमालकाला खोल्या हव्या होत्या. स्वतःची जागा झाली नाही, तर महिनाअखेरीस कुलूप लागणार होतं. म्हणून हा लिलाव ठेवला होता.

सुरा घडवला होता बडनेऱ्याच्या गजेंद्र राऊत यांनी. ते आयटीआयमधले निवृत्त शिक्षक. हातानं घडवलेल्या त्यांच्या सुऱ्यांसाठी दूरदूरचे शौकीन वर्षवर्ष थांबत. हा सुरा त्यांनी केंद्राला दान दिला होता. पातं ट्रकच्या कमानपाट्याचं, मूठ संत्र्याच्या लाकडाची. निमंत्रणावर छापलं होतं, 'राऊत सरांच्या हातचा शेवटचा सुरा'.

हॉलमध्ये एकच गलका झाला. कुठं गेला, कोणी नेला, पेटी कोणाजवळ होती. राऊत सर मात्र खुर्चीतून उठले नाहीत. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ते बसले होते.

"गेला," ते म्हणाले. एवढंच.

शेंदूरजनाघाटचे बागायतदार भगवंतराव पुढे आले. मुठीचं लाकूड त्यांच्याच बागेतलं होतं आणि सर्वांत मोठी बोली तेच लावणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. "सील तं शाबूत होतं," ते म्हणाले. "म्हणजे पुन्हा लावलं कोणीतरी. शिक्का कोणापाशी हाय ते पाहा आधी."

शिक्का सुगतच्या पिशवीत निघाला.

२

सुगत तायडे पस्तिशीचा. बारा वर्षं राऊत सरांच्या हाताखाली होता. पेटीवर उमटवलेला तो पितळी शिक्का त्यानंच कोरला होता. शनिवारी संध्याकाळी हर्षाच्या गाडीत मांडीवर पेटी घेऊन तो बडनेऱ्याहून अकोल्याला आला होता. रात्री पेटी केंद्रातल्या कपाटात होती. किल्ली हर्षाकडे होती, पण सुगत झोपला त्याच खोलीत.

"पोलिसांत गेलो तर लिलाव संपला आणि केंद्रही," हर्षा म्हणाली. "मावशी, तुम्ही बघा ना. दोन दिवस थांबते मी."

केंद्रात आल्यावर प्रियदर्शनींनी पेटी टेबलावर ओढली. ठशांचा उपयोग नव्हता. सकाळपासून ती दहा हातांतून गेली होती.

"शनिवारी काय काय झालं ते सांग. घाई करू नको."

"आम्ही चौघं होतो. सर, सुगत, भगवंतराव आणि मी. सरांनी सुरा दाखवला. मी हातात घेतला, मावशी. इतका सुंदर होता. मग त्यांनी तो पेटीत ठेवला, झाकण लावलं, आमच्यासमोर सील केलं. चहा झाला आणि आम्ही निघालो."

"तुमच्यासमोर?"

"हो."

भगवंतराव दुसऱ्या खोलीत वाट पाहत बसले होते. त्यांचं सांगणं लांबलचक होतं. "गरमी किती होती ते इचारूच नका. पत्र्याचं छत. सर मेणबत्ती लावाले गेले तं फटकन इझे, दोनदा इझली. मी म्हटलं पंखा बंद करा. सर म्हणाले, राहू द्या, पाव्हण्यांले उकडते. मग सील केलं."

"तुमच्यासमोर?"

"हो तं. आमच्यासमोरच."

"तुम्हाला तो सुरा हवाच होता, नाही का?"

भगवंतराव दुखावले. "मले पाह्यजे होता म्हणून तं बोली लावाले आलो. माझ्या बाच्या हातची झाडं होती ती, वाळून गेली. त्या लाकडाची मूठ घरात राह्यली असती. अन् मी काई गुपचूप घेणारा माणूस नाई. मी तं सांगतलं होतं सरांले, बोलीच्या आधी सगळ्यायसमोर संत्र्याची जाड फांदी एका घावात तोडून दाखवाची. लोकायले कळू द्या काय चीज हाय."

"हे कधी सांगितलं?"

"शुक्रवारी. फोनवर." ते उठले. दारात थांबून म्हणाले, "मॅडम, तुमी हुशार हा. पण उगाच लांब जाऊ नका. शिक्का ज्याच्यापाशी, चोर तोच. असल्या पोरांले सरांनी डोक्यावर घेतलं, तिथंच चुकलं."

'असल्या' या शब्दावर त्यांचा आवाज जरासा खाली आला होता. तो शब्द प्रियदर्शनींनी लहानपणापासून ऐकला होता. तो बोलताना आवाज कुठं खाली येतो, हेही त्यांना माहीत होतं.

३

तरी सुगतला त्यांनी विचारलं ते भगवंतरावांसारखंच. पुढे कितीतरी दिवस त्यांना तेच आठवत राहिलं.

तो बाकावर बसला होता, जिथं एरवी आया बसत. बाजूला सलाईनचा रिकामा स्टँड होता.

"शिक्का तुझ्याजवळ कसा?"

"सरांनी देला. म्हणाले, राहू दे तुझ्यापाशी."

"का?"

"इचारलं नाई."

"रात्री पेटीजवळ तू. शिक्का तुझ्याजवळ. लाख कुठल्याही दुकानात मिळते. सुगत, मी काय समजू?"

सुगतनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता. कोणीतरी निदान वेगळं विचारील, अशी जी काही आशा असते ती त्यांच्यादेखत विझली.

"सगळे समजून राह्यले तेच समजा," तो म्हणाला.

"मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे."

रस्त्यावर रसवंतीच्या घुंगरांचा आवाज चालू होता.

"मीच घेतला," तो म्हणाला. "येताना मूर्तिजापूरच्या पुलावरून नदीत टाकला. लिहून देतो. सरांले काई इचारू नका."

त्यानं टेबलावरचा कागद ओढला, डाव्या हातात पेन धरलं आणि तीन ओळी लिहून सही केली.

दार अर्धवट उघडं होतं. बाहेर भगवंतराव फोनवर कोणाला तरी सांगत होते, "कबूल झाला."

४

सोमवारी सकाळी प्रियदर्शनींनी ती पट्टी फडक्यातून काढून खिडकीतल्या उजेडात धरली. कबुली हातात होती, गावभर झाली होती. तरी त्यांच्या मनाला स्वस्थता नव्हती. नदीत सुरा फेकायला धावत्या गाडीत पेटी उघडावी लागते, आणि गाडी हर्षा चालवत होती.

पट्टी साध्या लोखंडाची, सुऱ्याच्याच वजनाची. पेटी उचलणाऱ्याला शंका येऊ नये म्हणून. तेवढं कोणीही चोर करील. पण त्यांनी कडेवरून बोट फिरवलं तेव्हा बोट कुठंच अडलं नाही. करवतीनं लोखंड कापलं की कडेला बारीक बोचरी कोर राहते. इथं ती चारी बाजूंनी कानशीनं घासून काढली होती, कोपरेही गोल केले होते. फेकून द्यायच्या लोखंडाची एवढी निगा कोणी राखली होती? मखमल फाटू नये एवढी काळजी चोराला कशाला हवी? ज्याच्या हातून काम बोचरं सुटूच शकत नाही, असाच माणूस हे करील. म्हणजे कारागीर. सुगत किंवा सर.

त्यांनी भिंग काढलं. नोकरीतली तेवढी एकच वस्तू त्यांच्याकडे उरली होती. कानशीच्या रेघा एका बाजूला तिरप्या होत्या. मग त्यांनी शिक्का घेतला. तो सुगतनं घडवलेला. त्याच्याही कडा घासलेल्या होत्या, पण तिथं रेघा नेमक्या उलट्या बाजूला कलत होत्या.

त्यांनी सुगतची कबुली पुढे ओढली. डाव्या हाताच्या तळव्यानं शाई पुसटली होती.

पट्टी सुगतनं घासली नव्हती. उजव्या हाताच्या माणसानं घासली होती. आणि त्या रेघा सरळ सुरू होऊन शेवटाकडे थरथरत गेल्या होत्या, प्रत्येक रेघ, सगळ्याच्या सगळ्या.

प्रियदर्शनींना हॉलमधले ते मांड्यांखाली दाबलेले हात आठवले. त्यांनी हर्षाला फोन लावला.

"एकच सांग. सरांनी सील केलं तेव्हा मेणबत्ती कोणी धरली होती?"

हर्षा थांबली. "कोणी म्हणजे… सरांनीच. नाही, एका हातानं लाख…" मग तिचा आवाज बारीक झाला. "मावशी, मेणबत्ती मला आठवतच नाही."

दुपारच्या गाडीनं प्रियदर्शनी बडनेऱ्याला गेल्या.

५

राऊत सर भट्टीपाशी बसले होते. भट्टी थंड होती. त्यांच्या पत्नीनं चहा आणला, सरांचा पेला अर्धाच भरलेला. तो त्यांनी उचलला नाही.

"सर, पंखा चालू होता," प्रियदर्शनी म्हणाल्या. "बाहेर मेणबत्ती टिकत नव्हती. तुम्ही पेटी आत नेलीत, इथं, आणि सील करून बाहेर आणलीत. हर्षा, भगवंतराव, दोघंही शपथेवर सांगतील की सील आमच्यासमोर झालं. कारण पेटी त्यांच्यासमोर आत गेली आणि त्यांच्यासमोर बाहेर आली. मधली पाच मिनिटं कोणी मोजलीच नाहीत. पेटी अकोल्यात पोचली तेव्हाच तिच्यात सुरा नव्हता."

सर भट्टीकडे पाहत राहिले.

"काल सगळे विचारत होते, सुरा कुठं गेला. तुम्ही नाही विचारलं. आणि ही पट्टी." त्यांनी ती पुढे ठेवली. "तुम्हाला हिच्या कडा तशाच सोडवल्या नाहीत."

सरांनी मांडीखालचा हात बाहेर काढला आणि पट्टीच्या कडेवर ठेवला. हात कापत होता, बोटं लोखंडावर टकटक वाजत होती.

"दीड वर्ष झालं," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणते, वाढतच जाणार. म्हणून शेवटचा सुरा म्हणालो. तीन पाती बिघडली. चौथं जमलं. मग त्याले पाणी देलं. लाल करून तेलात बुडवलं अन् आतून टिंग असा आवाज आला."

"तडा."

"केसासारखा. मुठीपाशी. घासून पुसून दिसेनासा केला मी. मनाले म्हटलं, शोकेसमधे राह्यणारा सुरा हाय, कोणाले काय कळते. मग शुक्रवारी भगवंतरावांचा फोन आला. फांदी तोडून दाखवा म्हणे." त्यांनी डोळे मिटले. "दीडशे माणसायसमोर तो सुरा दोन तुकडे झाला असता."

"सांगायचं होतं, सर. हर्षानं समजून घेतलं असतं."

"मी चाळीस वर्षं पोरायले शिकवलं, बाई. बिघडलेलं काम लपवाचं नाई म्हणून." ते उठले. कोळशाच्या पोत्यामागून एक डबा काढून त्यांनी प्रियदर्शनींपुढे ठेवला. आत सुरा होता. संत्र्याच्या पिवळ्या लाकडावर जवसाचं तेल मुरलेलं होतं. प्रियदर्शनींनी पातं दाराच्या उजेडात तिरपं केलं तेव्हा तो तडा दिसला, माहीत होता म्हणूनच.

"सुगतला ठाऊक होतं?"

"टिंग त्यानंबी ऐकलं. बाजूलेच उभा होता. म्हणाला, सर, मी करून देतो. मी म्हटलं, नाव माझं अन् हात तुझा? मले नाई जमणार." सर पुन्हा बसले. "मले वाटलं, चोरी झाली म्हणतील, हळहळतील, अन् इसरतील. चोराले नाव लागते हे माझ्या ध्यानातच आलं नाई."

"मग शिक्का त्याच्याकडे का दिलात?"

सर बोलले नाहीत. प्रियदर्शनींनी आयुष्यभर माणसांच्या गप्प बसण्याचे अर्थ लावले होते. या गप्प बसण्याचा अर्थ त्यांना लावता आला नाही, किंवा लावावासा वाटला नाही.

"पिशवीतून शिक्का निघाला तेव्हा त्यानं माझ्याकडे पाह्यलं," सर म्हणाले. "मी मान फिरवली. त्याले तेव्हाच समजलं सगळं."

"उद्या अकोल्याला चला. सगळ्यांसमोर सांगा."

"येतो," ते म्हणाले.

ते येतील की नाही, हीच एक भीती प्रियदर्शनींना परतीच्या गाडीत वाटत होती. दुसरी कुठली भीती असू शकते हे त्यांना सुचलंही नाही.

६

सर आले. धुतलेला सदरा घालून, डबा छातीशी धरून. हर्षानं देणगीदारांना बोलावलं होतं, तीस-चाळीस जण जमले. सरांनी उभं राहून सगळं सांगितलं, एकही शब्द न लपवता. तडा दाखवला. कापणारा हात वर करून दाखवला.

सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग भगवंतराव उठले. त्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते.

"सर, तुमचं मन लय मोठं हाय," ते म्हणाले. "शिष्याले वाचवाले सोताच्या नावाले काळं लावून घेऊन रायले. पण त्यानं लिहून देलं हाय. सुरा त्याच्याकडून परत आणला असंन तुमी. त्यानंच कुठंतरी आपटून चिरला असंन."

माना हलल्या. प्रियदर्शनी पुढे झाल्या. पट्टी, शिक्का, कानशीच्या रेघा, पंखा, मेणबत्ती, सगळं त्यांनी क्रमानं मांडलं. अठ्ठावीस वर्षं कोर्टात साक्ष देताना त्यांचा आवाज कधी हलला नव्हता, आजही हलला नाही.

"मॅडम, तुमाले तसं वाटणं साहजिक हाय," भगवंतराव आदरानं म्हणाले. "तुमच्याच समाजातला पोरगा."

त्यानंतर कोणी काही विचारलं नाही. लोक सरांच्या पाया पडून निघून गेले. सर प्रत्येकाला म्हणत होते, "अहो, मी खरं सांगून रायलो," आणि लोक त्यांचे कापणारे हात हातात घेऊन "आराम करा" म्हणत होते. देणग्यांची वचनं हळूहळू मागे आली, कोणी स्पष्ट सांगितलं, कोणी फोन उचलणं बंद केलं. जिथं चोरी होते आणि चोराची बाजू घेतली जाते, तिथं कोण देणार? महिनाअखेरीस हर्षानं खोल्यांच्या किल्ल्या घरमालकाला दिल्या. चांदूर रेल्वेहून मुलीला घेऊन येणाऱ्या एका बाईनं विचारलं, "आता कुठं याचं, मॅडम?" हर्षानं सरकारी दवाखान्याचं नाव सांगितलं. ती बाई तिथूनच इकडे आली होती.

किल्ल्या दिल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रियदर्शनी नांदगाव खंडेश्वरला गेल्या. सुगतचा फोन बंद होता. निदान तोंडानं माफी मागावी, एवढंच त्यांच्या मनात होतं.

घरी त्याची आई केशरबाई एकट्याच होत्या. पुढच्या खोलीत बाबासाहेबांच्या तसबिरीखाली पाटावर बसून वांगी चिरत होत्या.

"सुगत चाकणले गेला," त्या म्हणाल्या. "कंपनीत लागला. भट्टीचं काम करणार नाई म्हणे आता. तुमी कोण?"

प्रियदर्शनींनी नाव सांगितलं. कबुली आपणच लिहून घेतली, हेही सांगितलं. केशरबाईंनी थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि "बसा," म्हणाल्या.

प्रियदर्शनी बसल्या. बोलायचं ठरवून आणलेलं सगळं विसरायला झालं, कारण केशरबाईंच्या हातात सुरा होता. वीतभर पात्याचा, बाभळीच्या काळ्या मुठीचा. पातं मुठीत कुठं शिरतं ते कळत नव्हतं, इतका सांधा नेमका होता. वांग्यावर तो ठेवला की फोड आपोआप वेगळी होत होती.

"बघू," त्या म्हणाल्या.

केशरबाईंनी पदराला पुसून सुरा दिला. प्रियदर्शनींनी तो दाराकडे धरला, तिरपा केला, पुन्हा सरळ केला. मुठीपासून टोकापर्यंत एक रेघ नव्हती.

"त्यानंच केला," केशरबाई म्हणाल्या. "लिलावाच्या आदल्या दिवशी. दोन रात्री जागून राह्यला. सरांले दाखवाले नेला, पण त्यायनं फडकंबी सोडून पाह्यलं नाई म्हणे. परत आणला अन् मले म्हणे, माय, हा कोणाच्या कामाचा नाई, तुले भाजीले घे." त्यांनी प्रियदर्शनींच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "तुमच्या दवाखान्याच्या कामाचा असंन तं घेऊन जा. तो काई म्हणणार नाई."

दवाखान्याच्या खोल्या कालच रिकाम्या झाल्या होत्या. आणि असत्या, तरी सुगत तायडेच्या हातचा सुरा म्हटल्यावर त्या हॉलमध्ये एकही हात वर झाला नसता.

"नाही," त्या म्हणाल्या. "राहू द्या तुमच्याकडेच."

त्यांनी सुरा मुठीकडून पुढे केला. केशरबाईंनी तो घेतला आणि दुसरं वांगं ओढलं.

"उन्हाच्या आल्या," त्या म्हणाल्या. "जेवूनच जा."